रक्ताचा दाखला आणि कुळाचा दाखला

वंशावळ मागण्याचा प्रसंग आपल्या समाजात आजवर मुख्यतः दोन वेळा येत असे. एक सोयरीक जुळविताना, आणि दुसरा वाटणीचा दावा लागल्यावर. पहिल्या प्रसंगी ती उपाध्याय वाचीत, दुसऱ्या प्रसंगी आम्ही वकील लोक. आता तिसरा एक प्रसंग उपस्थित झाला आहे. परदेशी स्थायिक झालेला पुतण्या सुटीत घरी येतो तो एक लहानशी पेटी घेऊन. तीत प्लास्टिकची एक नळी असते. घरातील वडील माणसाने तीत थुंकावयाचे, झाकण लावावयाचे आणि टपालाने ती धाडून द्यावयाची. काही आठवड्यांनी अहवाल येतो, आणि त्यात रंगीत नकाशावर टक्केवारी मांडून तुमचे पूर्वज कोठले ते सांगितलेले असते. या चाचणीस डीएनएची घरगुती चाचणी म्हणतात. आपल्या घराण्याचा इतिहास शोधू इच्छिणाऱ्याने तीवर पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न गोव्यातून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा दूरदूरच्या गावी पांगलेल्या आणि कुलदैवताच्या नावाखेरीज मुळाची दुसरी खूण हाती न राहिलेल्या कुटुंबांना पडणे स्वाभाविक आहे.

प्रथम ती चाचणी करते काय ते पाहू. सन १९८४ मध्ये इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधून काढली, आणि पुढे हैदराबादेस लालजी सिंग यांनी ती भारतात रुजविली. ती न्यायालयासाठी होती. घरगुती पेट्यांचा व्यापार त्यानंतरचा. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीने २००७ साली आपली पेटी ९९९ डॉलरला विकावयास काढली आणि पाचच वर्षांत तिची किंमत ९९ डॉलरवर आणली. तेव्हापासून ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मनुष्याच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. या कंपन्या त्यांतील काही लाख जागा तेवढ्या वाचतात. गुणसूत्रांपैकी वाय नावाचे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. पेशीतील मायटोकाँड्रिया नामक कणांचा डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो. उरलेला सारा मजकूर प्रत्येक पिढीत निम्मा आईचा व निम्मा बापाचा असा पिसला जातो.

जवळच्या नात्यात ही चाचणी विलक्षण अचूक ठरते, हे आधीच मान्य केले पाहिजे. दोन चुलत भावांत सरासरी साडेबारा टक्के मजकूर समान निघतो. आजोबा सख्खे भाऊ असले तर नातवंडांत तो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतो. पणजोबा सख्खे भाऊ असले तर पाऊण टक्का. या शेवटच्या पायरीवर दहातील एका जोडीत समान असे काहीच सापडत नाही. नाते खरे असूनही सापडत नाही. त्यापलीकडे अंधार झपाट्याने वाढतो. त्यातून आपल्यासारख्या समाजात, जेथे शतकानुशतके ठराविक घराण्यांतच सोयरिकी झाल्या, तेथे दूरचे नातेवाईक हिशेबात जवळचे भासतात. कारण ते एका बाजूने नव्हे तर दहा बाजूंनी थोडेथोडे नातेवाईक असतात. आणि टक्केवारी! ती तुमच्या रक्तात लिहिलेली नसते. कंपनीपाशी ज्या ज्या प्रदेशांतील लोकांचे नमुने जमा असतील त्यांच्याशी तुलना करून ती काढलेली असते. नमुन्यांचा संच बदलला की टक्केवारीही बदलते, माणूस मात्र तोच असतो.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे वळू. गोमंतकातील हिंदू कुटुंबास आपला इतिहास शोधावयाचा म्हणजे बहुधा सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जावयाचे असते, कारण तेथे धागा तुटला. १५५९ साली लिस्बनहून निघालेल्या हुकमान्वये बाप मेलेली हिंदू मुले नातलगांपासून काढून पाद्र्यांच्या स्वाधीन करावयाची ठरली. १५६० साली इन्क्विझिशन गोव्यात आले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. या आठ-दहा वर्षांत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास. मांडवी-जुवारीच्या पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, आणि १७६३ पर्यंत तो पोर्तुगीजांच्या हाती कायमचा गेला नाही. म्हणून देव तेथे टिकले. रात्री होडीतून मूर्ती पार करणाऱ्यांच्या कथा प्रत्येक देवस्थानात सांगितल्या जातात. त्या कथांचा तपशील इतिहासकाराने तपासून घ्यावा. परंतु त्यांतील मुख्य गोष्ट, म्हणजे गाव सोडताना देव बरोबर नेला, ही आज उभ्या असलेल्या देवळांनीच सिद्ध केली आहे.

याच्या मागोमाग माणसेही हलली. कोणी दक्षिणेस कारवार, होन्नावर, मंगळूर, कोचीपर्यंत गेली, कोणी घाट चढून बेळगावच्या बाजूस. मराठ्यांचा विस्तार झाला तसतशी कारकुनी, दप्तर आणि सावकारी यांच्या निमित्ताने काही घराणी माळव्यात व गुजरातेत जाऊन राहिली. आडनावे वाटेत बदलली. कोठे गावावरून पडली, कोठे हुद्द्यावरून. भाषाही पुष्कळांची बदलली. टिकले ते इतकेच: गोत्र, कुलदेव आणि मूळ गावाचे नाव. बडोद्यात चार पिढ्या राहिलेला गृहस्थ मुलाची मुंज झाल्यावर अंत्रुजात येतो, देवळाच्या अग्रशाळेत उतरतो, तेव्हा तेथला म्हातारा त्याला पहिला प्रश्न टाकतो, ‘तुमचो कुळदेव खंयचो?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात साडेचारशे वर्षांपूर्वीचे गाव दडलेले असते. रामनाथ म्हटले की लोटली, म्हाळसा म्हटले की वेर्णे. परागंदा झालेल्या समाजाने आपला पत्ता देवाच्या नावात लिहून ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळापर्यंत चाचणी पोहोचते काय? साडेचारशे वर्षे म्हणजे ढोबळ मानाने सोळा पिढ्या. सोळा पिढ्या मागे प्रत्येकास ६५,५३६ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांत तीच तीच माणसे पुनःपुन्हा येतात हे खरे, परंतु जागा तितक्या. आणि डीएनए पिढीगणिक तुकड्यातुकड्यांनी उतरतो. सोळा पिढ्यांपलीकडून आलेले तुकडे हजाराच्या घरात असतात. दहाव्या पिढीतील १,०२४ पूर्वजांपैकीसुद्धा निम्म्याहून अधिकांचा एकही अंश आपल्या अंगात उरलेला नसतो. तात्पर्य, मंगेशाची मूर्ती ज्याने होडीत ठेवली तो तुमचा पूर्वज असला, तरी त्याचा लवलेश तुमच्या थुंकीत नसण्याचाच संभव फार.

यावर कोणी म्हणेल की वाय गुणसूत्र तरी अखंड उतरते. आपले गोत्रही बापाकडून मुलाकडे जाते. तेव्हा गोत्राची परीक्षा करण्यास यासारखे साधन नाही. हा युक्तिवाद दिसण्यात मोहक आहे. परंतु वाय गुणसूत्राचे जे गट शास्त्रज्ञ करतात ते हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांवरून. आर-वन-ए नावाचा गट पंजाबपासून बंगालपर्यंत आणि शिवाय पूर्व युरोपातही विपुल आढळतो. तो निघाला म्हणून कौंडिण्य की वत्स हे ठरत नाही. दुसरे असे की गोत्र ही सर्वत्र रक्ताचीच गोष्ट होती असे शास्त्रकारही मानीत नाहीत. क्षत्रिय-वैश्यांनी पुरोहिताचे गोत्र-प्रवर घ्यावे, असे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सांगितले आहे. ज्या कुळाने उपाध्यायाचे गोत्र घेतले त्याच्या गुणसूत्रात ते शोधणे म्हणजे सातबाराच्या उताऱ्यात जन्मतारीख शोधण्यापैकी आहे.

समूहांच्या इतिहासासाठी मात्र या शास्त्राने मोठे काम केले आहे, ते नाकारणे हा कोतेपणा होईल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की भारतातील दोन प्राचीन लोकसमूहांचा संकर सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्वत्र होत होता, आणि नंतर तो थांबून जातीतल्या जातीत विवाहाची चाल दृढ झाली. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्या कोणत्याही जातीस हा निष्कर्ष मानवणारा नाही. गोमंतकीयांस अधिक जवळचे असे दुसरे संशोधन २०२१ चे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या व इतर शास्त्रज्ञांनी गोवा, कुमठे व मंगळूर येथील रोमन कॅथलिकांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे जवळचे नाते गौड सारस्वतांच्या प्राचीन शाखेशी असल्याचे आढळले.

ही बातमी वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटले असेल. ज्याने गावकरीचे कागद पाहिले आहेत त्यास ते वाटण्याचे कारण नव्हते. गोव्याचा गाव म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्या कुळांची संस्था. त्या कुळांना वांगड म्हणतात. अफोंसो मेशियाने १५२६ साली या गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या, आणि तो लेख आजही अभ्यासकांचा पहिला आधार आहे. पुढे साष्टीतील गावकार ख्रिस्ती झाले तरी वांगड मोडली नाहीत. गावकरीच्या उत्पन्नातील वाटा त्यांच्या मुलानातवंडांना मिळतच राहिला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव चिकटले एवढेच. म्हणजे एक भाऊ देवाबरोबर नदीपार गेला आणि एक जमिनीबरोबर मागे राहिला, ही हकीकत गावागावांच्या पुस्तकांत नोंदलेली आहे, कित्येकदा नावानिशी. प्रयोगशाळेने ती समूहापुरती खरी ठरविली. ती तुमच्या कुळापुरती खरी आहे की नाही, हे पुन्हा पणजीच्या पुराभिलेखागारातच पाहावे लागते. १५९५ साली दियोगु दु कोतु याने ज्या दप्तराची व्यवस्था लावली, आणि ज्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आपले आयुष्य वेचले, तेच हे दप्तर.

येथवर मी चाचणीच्या आवाक्याबद्दल लिहिले. आता माझ्या धंद्यास अधिक जवळची अशी गोष्ट सांगावयाची आहे. आपण ज्यास घराणे म्हणतो ते रक्ताने बांधलेले असतेच असे नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे उदाहरण घ्या. महादजी शिंदे १७९४ साली वारले ते औरस पुत्रावाचून. गादीवर आले दौलतराव, म्हणजे त्यांच्या भावाचे नातू. दौलतरावांसही पुत्र नव्हता. १८२७ साली बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतले. जनकोजी निपुत्रिक वारले, तेव्हा १८४३ साली त्यांच्या अल्पवयीन विधवा पत्नीने जयाजीरावांना मांडीवर घेतले. सलग तीन पिढ्या बाप एका घरचा व मुलगा दुसऱ्या घरचा. आणि तरीही ते शिंद्यांचे एकच घराणे. इंदुरास मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, नातू मालेराव १७६७ साली वारला. अहिल्याबाईंनंतर १७९५ साली राज्य आले ते तुकोजींकडे, जे मल्हाररावांचे पुत्र नव्हते. बडोद्यास १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाडांच्या घरातून बारा वर्षांचा मुलगा दत्तक आणला, तेच सयाजीराव. त्यांच्या डीएनएची परीक्षा करून खंडेरावांचे पुत्र म्हणून त्यांना नाकारणारा कोणी निघाला असता, तर बडोद्याच्या प्रजेने त्याची काय संभावना केली असती याची कल्पनाच करावी.

नाकारणारा एक निघाला होता, तो म्हणजे डलहौसी. १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी ही राज्ये त्याने खालसा केली ती औरस वारस नाही या सबबीवर. दत्तकास खाजगी मालमत्ता मिळावी, राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीखेरीज मिळू नये, असा त्याचा बारकावा होता. त्या बारकाव्याचा परिणाम १८५७ साली दिसला, आणि १८६२ मध्ये कॅनिंगला दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा संस्थानिकांस द्याव्या लागल्या. जी गोष्ट राजघराण्यांत, तीच वतनदारांच्या, जोशी-कुलकर्ण्यांच्या, देवस्थानच्या पुजाऱ्यांच्या घरात. श्राद्धाला पिंड देणारा हवा, म्हणून भावाचा, भाच्याचा, कधी लांबच्या सगोत्राचा मुलगा आणावयाचा, त्याचे गोत्र पालटावयाचे, आणि दोन पिढ्यांनी ही गोष्ट घरातल्या घरात विसरूनही जावयाची. अशा कुळातील दोन शाखांनी नळ्या पाठविल्या आणि वाय गुणसूत्रे जुळली नाहीत, तर त्यावरून एखाद्या पणजीच्या शीलाविषयी कुजबुज सुरू व्हावी, यापरता अन्याय नाही. दत्तपत्र शोधण्याचे श्रम कोणी घ्यावयाचे? नळी स्वस्त पडते.

आपल्या शास्त्राने रक्ताचा विचार केला नाही असे नव्हे. दत्तक गेलेल्याचे जनक कुळातील निषिद्ध विवाहसंबंध कायम राहतात. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही हा अपवाद राखला आहे. वारसा, पिंड, नाव ही सारी दत्तक घराची, रक्त तेवढे लग्नापुरते स्मरावयाचे, अशी ही विभागणी आहे. आणि ती करणाऱ्यांस मानवी संसार चांगला ठाऊक होता.

न्यायालयांची भूमिकाही वाचकांस माहीत असावी. विवाहसंबंध कायम असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, हे गृहीत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमात होते; १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११६ व्या कलमात आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले की रक्तपरीक्षेचा हुकूम सरसकट देऊ नये. २०१४ साली एका पोटगीच्या प्रकरणात, परीक्षा झालेलीच होती आणि तिचा निष्कर्ष निर्विवाद होता तेव्हा, गृहीतापेक्षा शास्त्रीय सत्य श्रेष्ठ मानले गेले. २०२३ व २०२५ च्या निकालांत पुन्हा मुलाच्या प्रतिष्ठेचा विचार पुढे येऊन अशी परीक्षा हा अपवाद असावा असे ठरले. घरी मागविलेल्या पेटीचा अहवाल तर न्यायालयात उभाच राहत नाही. नळीत कोणाची थुंकी होती हे सांगणारा साक्षीदार कोठून आणावा? याउलट, मृत वडिलांनी वाद उत्पन्न होण्यापूर्वी लिहून ठेवलेली वंशावळ कायदा पुराव्यात घेतो. वाद उत्पन्न होण्यापूर्वी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. इनाम चौकशीच्या काळी सरकारात हजर केलेल्या वंशावळी ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना कागदही कसा खोटे बोलतो हे सांगावयास नको. महाजनकीच्या तंट्यांतही हाच अनुभव. १९३३ च्या नियमावलीप्रमाणे देवस्थानांत महाजनांची नोंदवही असते. तीत नाव का आले आणि का गळले, याची कारणे नेहमी देवाच्या साक्षीची असतातच असे नाही.

म्हणूनच एका बाबतीत मी या चाचणीच्या बाजूस उभा आहे. महाजनकी बहुतेक ठिकाणी पुरुषवंशाने चालते. परंतु त्याच देवळांच्या आवारात गायन-नर्तनाची सेवा करणारी कलावंत घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि त्यांची वंशावळ आईकडून चालत आली. त्यांच्या लेकरांचे बाप गावात सर्वांस ठाऊक असत. वहीत ते नसत. आज त्या घराण्यांतील कोणी जिज्ञासूने आपल्या पणजोबाचे कुळ जाणण्यासाठी चाचणी केली, आणि एखाद्या प्रतिष्ठित घरातील कोणाशी जुळणारा मजकूर निघाला, तर ती माहिती त्याची आहे. ती मागण्याचा त्याचा अधिकार कोणत्याही महाजनापेक्षा कमी नाही. दोन-तीन पिढ्यांचे अंतर असल्याने चाचणी तेथे बोलू शकते, आणि कागद मुके असल्याने तिच्यावाचून दुसरे बोलणारे कोणी नाही. हीच गोष्ट लहानपणी परदेशी दत्तक दिल्या गेलेल्या मुलांची. त्यांनी जरूर करावी.

बाकीच्यांनी आणखी एक हिशेब लक्षात घ्यावा. थुंकी तुमची असली तरी मजकूर तुमच्या भावंडांचा, मुलांचा, पुतण्यांचाही असतो, आणि त्यांची संमती कोणी विचारीत नाही. वर उल्लेखिलेल्या त्या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा लक्षावधी कुटुंबांचा हा ठेवा कोणाच्या मालकीचा व्हावयाचा, याचा निर्णय दिवाळखोरीच्या न्यायालयात झाला. आपल्याकडे डीएनएच्या नियमनासाठी संसदेत मांडलेले विधेयक २०२३ साली परत घेण्यात आले. त्या विषयापुरता स्वतंत्र कायदा झालेला नाही.

पेटीच्या पैशात आणि त्याच सवडीत दुसरे काय करता येईल ते सांगून थांबतो. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसावे. आपल्या वंशावळी पुरुषांच्या आहेत. सुना त्यांत आल्याच तर सासरच्या नावाने, आणि मुलींचा पत्ताच नसतो. मायटोकाँड्रियाचा डीएनए मातृवंश दाखवितो खरा, पण नाव सांगत नाही. आजीच्या आईचे माहेरचे नाव, तिचे गाव, तिच्या माहेरचा कुलदेव, हे त्या वृद्धेला बहुधा आठवत असते, आणि आजवर तिला ते कोणी विचारलेले नसते. ते तारखेसह लिहून घ्यावे व सांगणारीची सही घ्यावी. मग माळ्यावरची ट्रंक उघडावी. तीत दत्तपत्र, वाटणीपत्र, लग्नाच्या याद्या, मोडीतील खर्चाच्या वह्या निघतात. त्या रद्दीत घालण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या कोणास तरी दाखवाव्यात. त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, काशी येथे ज्या उपाध्यायांकडे पूर्वज उतरत, त्यांच्या वह्यांत कोण कोणाचा मुलगा, कोठून आला, बरोबर कोण होते, हे आलेल्याच्या हस्ताक्षरात सापडते. गोकर्णास जावयाचे तर पावसाळ्यानंतर जावे, आणि जाण्यापूर्वी आपले गोत्र, मूळ गाव आणि निदान पणजोबांचे नाव पाठ करून ठेवावे. वही उघडण्यास उपाध्यायाला तेवढे लागते.